मोरचुदाच्या एका खड्यात किती बंध?

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव, पलूस आणि मिरजेच्या पूर्व भागात द्राक्षबागांच्या बांधावर निळ्या पाण्याचे ड्रम दिसायला लागतात. त्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, भिजत घातलेला असतो. केवड्यावर, म्हणजे सगळे ज्याला डाऊनी म्हणतात त्या रोगावर, मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा फवारा हा या भागातला जुना आणि खात्रीचा उपाय. अकरावीला रासायनिक बंध शिकवायला घेतले की मी सुरुवात मिठापासून करत नाही, मोरचुदाच्या खड्यापासून करतो. एक तर तो आमच्याकडच्या बऱ्याच पोरांच्या घरी असतोच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्या एका निळ्या खड्यात आयनिक, सहसंयुज, समन्वय आणि हायड्रोजन असे चार बंध एकाच वेळी नांदत असतात. राहिलेला पाचवा, धातूतला बंध, त्याच द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो.

पोरं या पाच बंधांच्या पाच व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि बारावीला पोचेपर्यंत विसरतात. विसरणारच, कारण पाच सुट्या गोष्टी म्हणून त्या डोक्यात गेलेल्या असतात. खरं तर गोष्ट एकच आहे. केंद्रकावर धन प्रभार आहे, इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार आहे आणि ते एकमेकांना ओढतात. दोन अणू जवळ आल्यावर इलेक्ट्रॉनांची मांडणी अशी बदलली की एकूण ऊर्जा कमी झाली, तर बंध झाला. इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या वाट्याला किती आले, एवढ्यावरून आपण त्याला वेगवेगळी नावं देतो. या लेखात मला हेच पटवायचं आहे, आणि त्यासाठी आधी अणूच्या आत थोडं डोकवावं लागेल.

अणूच्या आत

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा अणूत ऋण प्रभाराचे कण आहेत हे कळलं. पण अणू तर एकूण उदासीन असतो. मग धन प्रभार कुठे आहे? १९०९ मध्ये रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण पत्रा जणू नाहीच अशा थाटात आरपार गेले, पण हजारोंत एखादा चक्क उलट फिरला. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी निष्कर्ष काढला की अणूचा सगळा धन प्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका अतिसूक्ष्म जागेत गोळा झालेलं आहे. तेच केंद्रक. ते किती लहान असतं याचा अंदाज बांधायचा तर हायड्रोजनचं केंद्रक शाळूच्या एका दाण्याएवढं माना. मग त्याचा अणू दोन-अडीचशे मीटर व्यासाचा होईल, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एकच इलेक्ट्रॉन असेल.

प्रोटॉन, न्यूट्रॉन, अणुअंक, अणुवस्तुमानांक हे तुम्ही नववीतच शिकलात, त्यात मी थांबत नाही. बंधांसाठी न्यूट्रॉनचा फारसा संबंध येत नाही. लक्षात एवढंच ठेवा की प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो, म्हणून रासायनिक अभिक्रियेत हालचाल करतात ते इलेक्ट्रॉन. केंद्रकं आपली ओळख बदलत नाहीत.

दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, उलट प्रभार एकमेकांना ओढतात, तर मग इलेक्ट्रॉन केंद्रकात जाऊन का पडत नाही?" या धड्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नीट कळलं तर बंध अर्धे कळले. नील्स बोर यांनी १९१३ साली सांगितलं की इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्यांमध्येच राहता येतं. हायड्रोजनच्या प्रकाशाचं गणित त्यातून अचूक सुटलं, पण असं का, हे त्यातून कळत नव्हतं. उत्तर आलं १९२५-२६ च्या सुमाराला, पुंजयांत्रिकीतून (क्वांटम मेकॅनिक्समधून). इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. म्हणजे केंद्रकाची ओढ त्याला आत खेचते, पण आत जावं तसा कोंडला जाण्याचा खर्च वाढत जातो. जिथे या दोन्हींचा मेळ बसून एकूण ऊर्जा सगळ्यात कमी होते, तिथे तो राहतो. हायड्रोजनमध्ये हे अंतर साधारण ५३ पिकोमीटर आहे, म्हणजे एका मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या ५३ पट. तिथून तो इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायचा तर एका मोलला, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येला, १३१२ किलोज्यूल मोजावे लागतात.

तो तिथे गोल गोल फिरत नसतो, हेही सांगून ठेवतो. पुस्तकातली वर्तुळं ही सोय आहे. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच आपण सांगू शकतो, आणि त्या जागेला ऑर्बिटल म्हणतात. एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. त्यावरूनच पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ हे आकडे येतात.

आता एक गोष्ट जी पुस्तकात चार ओळींत उरकली जाते, पण माझ्या मते सगळ्या आवर्तसारणीचं मर्म तिच्यात आहे. सोडियमचं संरूपण, म्हणजे कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, १. केंद्रकात ११ प्रोटॉन. पण सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ११ प्रोटॉनांची ओढ जाणवत नाही, कारण मध्ये आतले १० इलेक्ट्रॉन आड येतात. त्याच्या वाट्याला येणारा प्रभाव साधारण २.२ प्रभाराएवढाच. क्लोरीनचं संरूपण २, ८, ७. तिथेही आतले १० इलेक्ट्रॉन आड आहेतच, पण प्रोटॉन १७ आहेत, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या तितकेसे आड येत नाहीत. म्हणून क्लोरीनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जवळपास ६ प्रभाराची ओढ जाणवते. सोडियम आणि क्लोरीन एकाच ओळीतले, कवच तेच, पण पकड जवळजवळ तिप्पट. विद्युत ऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद), आयनन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा), अणूचा आकार, हे सगळं याच पकडीचं वेगवेगळं मोजमाप आहे.

सोडियमला काही द्यायचं नसतं

"सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, दोघांचं अष्टक पूर्ण होतं, दोघं सुखी." हे वाक्य मी इतक्या वह्यांमध्ये वाचलं आहे की आता त्याच्याविरुद्ध बोलणं हे मला कर्तव्यच वाटतं. अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. पण अणूला हवं-नको काही नसतं. आकडे पाहा.

एक मोल घन सोडियमचे अणू सुटे करायला १०७ किलोज्यूल लागतात. त्या सुट्या अणूंचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. म्हणजे सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देत वगैरे नाही, तो ओढून काढावा लागतो. क्लोरीनचे रेणू तोडून एक मोल सुटे अणू मिळवायला १२१. आतापर्यंत एकूण ७२४ किलोज्यूल खर्च झाले. आता क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला, त्यातून परत मिळतात फक्त ३४९. अष्टकं दोन्हीकडची पूर्ण झाली, तरी अजून ३७५ किलोज्यूल अंगावरच आहेत. नुसत्या अष्टकासाठी हे सगळं होत असतं, तर मीठ कधी तयारच झालं नसतं.

मग ते तयार होतं कसं? धन सोडियम आयन आणि ऋण क्लोराईड आयन, म्हणजे प्रभार आलेले अणू, एकमेकांजवळ येतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराईड, प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, अशी तिन्ही दिशांना पसरलेली रचना होते. तिला स्फटिकजाल म्हणतात. ती रचताना ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. त्यातून ३७५ वजा केले की सुमारे ४११ किलोज्यूल उरतात, आणि प्रयोगात मीठ तयार होताना एवढीच उष्णता मिळते. आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव, असं म्हणून थांबू नका. देवघेव हा खर्च आहे. बंध आहे तो त्यानंतरच्या ओढीत.

इथे पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एक इलेक्ट्रॉन काढला तर दुसरा का नाही? सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटीहून जास्त. कारण आता आपण आतल्या कवचाला हात घालतोय आणि तिथे आड येणारे फक्त दोन इलेक्ट्रॉन आहेत. कुठलंही स्फटिकजाल हा खर्च भरून देऊ शकत नाही. मॅग्नेशियमचं पाहा. पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १४५१, तिसरा एकदम ७७३३. म्हणून मॅग्नेशियम दोनवर थांबतं. अष्टक पूर्ण झालं म्हणून ते थांबलं असं म्हणायची सवय आहे, पण खरं कारण पुढचा खर्च परवडत नाही हे आहे.

ऑक्सिजनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सुट्या ऑक्सिजन अणूला पहिला इलेक्ट्रॉन दिला की ऊर्जा मिळते, पण दुसरा बळजबरीने द्यावा लागतो, कारण आधीच ऋण झालेला आयन नव्या इलेक्ट्रॉनला ढकलतो. म्हणजे अष्टक पूर्ण करणारा इलेक्ट्रॉनच ऑक्सिजनला "नको" असतो. तरी मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये दुहेरी ऋण ऑक्साईड आयन सुखाने राहतो, कारण दुहेरी धन आणि दुहेरी ऋण आयनांमधली ओढ प्रचंड आहे. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, मॅग्नेशियम ऑक्साईडला २८०० अंशांच्या पुढे न्यावं लागतं.

अष्टकाचा नियम टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. १९१६ साली गिल्बर्ट लुईस आणि वॉल्टर कोसेल यांनी स्वतंत्रपणे तो विचार मांडला. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्यासाठी तो उत्तम चालतो, सूत्रं लिहायला आणि लुईस रचना काढायला तो हाताशी हवाच. पण तो निरीक्षणातून आलेला ठोकताळा आहे, कारण नव्हे. बोरॉन ट्रायफ्लोराईडमध्ये बोरॉनकडे सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्झाफ्लोराईडमध्ये सल्फरभोवती बारा मोजावे लागतात. आणि ज्यांचं अष्टक जन्मजात पूर्ण आहे, त्या राजवायूंपैकी झेनॉनचं संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ साली करून दाखवलं.

पुन्हा मोरचुदाकडे

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि प्रत्येक कॉपर सल्फेटबरोबर पाण्याचे पाच रेणू. तांब्याचा अणुअंक २९, संरूपण २, ८, १८, १. मोरचुदात तांबं दुहेरी धन असतं, म्हणजे २, ८, १७. सतरा! ना आठ, ना अठरा. अष्टकावर विसंबलेल्या विद्यार्थ्याची इथे पंचाईत होते. ऊर्जेचा हिशेब करणाऱ्याची होत नाही. तांब्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७४५ किलोज्यूल, दुसरा काढायला १९५८. दुसरा महाग आहे खरा, पण दुहेरी धन झालेला लहानसा तांब्याचा आयन पाण्याच्या रेणूंना इतक्या जोराने धरतो की त्यातून सुमारे २१०० किलोज्यूल परत मिळतात. पाण्यात एकेरी धन तांबं का टिकत नाही, याचं उत्तर यातच आहे. मोरचुदाचा निळा रंगही त्या अपुऱ्या सतरापायीच आहे. एक जागा रिकामी असल्यामुळे कवचातल्या इलेक्ट्रॉनांना लाल-नारिंगी प्रकाश शोषून जागा बदलता येते, आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो.

दुहेरी धन तांबं आणि दुहेरी ऋण सल्फेट यांच्यातली ओढ हा खड्यातला पहिला बंध, आयनिक.

दुसरा सल्फेटच्या आत आहे. एक सल्फर आणि चार ऑक्सिजन यांच्यात इलेक्ट्रॉन पूर्ण कुणाचेच नसतात, सामाईक असतात. हा सहसंयुज बंध. तो समजायला सगळ्यात साधं उदाहरण हायड्रोजनच्या रेणूचं. दोन हायड्रोजन अणू लांब असताना प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन आपल्याच केंद्रकाशी असतो. ते जवळ आले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन केंद्रकांची ओढ मिळते, शिवाय वावरायला मोठी जागा मिळते. दोन्हीमुळे ऊर्जा उतरते. पण फार जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलायला लागतात. ७४ पिकोमीटरवर मेळ बसतो, आणि तिथे ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा मोलमागे ४३६ किलोज्यूलने कमी असते. हायटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये हे गणिताने दाखवलं. लुईसनी कागदावर दोन ठिपके काढून जी जोडी दाखवली होती, तिच्यामागचं कारण तेव्हा सापडलं.

सल्फेटमध्ये पुस्तकं दोन एकेरी आणि दोन दुहेरी बंध काढून दाखवतात. मोजायला गेलं तर चारही बंध सारख्याच लांबीचे निघतात. दोन ऋण प्रभार कुणा एका-दोघा ऑक्सिजनवर बसलेले नाहीत, ते चौघांवर पसरलेले आहेत. इलेक्ट्रॉनला पसरायला जागा मिळाली की ऊर्जा उतरते, हे सूत्र तुम्हाला पुढे बेंझिनपर्यंत पुरेल.

इथे एक घोटाळा निस्तरायला हवा, कारण तो जीवशास्त्राच्या वर्गातून आणखी पक्का होऊन येतो. "बंधात ऊर्जा साठलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते." नेमकं उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, नेहमीच. ऊर्जा बाहेर पडते ती बंध तयार होताना. हायड्रोजन जळतो तेव्हा दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ८७२ आणि एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८, मिळून १३७० किलोज्यूल घालावे लागतात. तयार होतात ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल बंध, प्रत्येकी सुमारे ४६३ प्रमाणे १८५२. फरक ४८२, तो उष्णता म्हणून मिळतो. स्वयंपाकाचा गॅसही असाच जळतो. कमजोर बंध मोडून बळकट बंध झाले, म्हणून ज्योत.

सामाईक म्हणजे निम्मे-निम्मे असं समजू नका. १९३२ साली लायनस पाउलिंग यांनी विद्युत ऋणतेची मोजपट्टी दिली. फ्लोरिन जवळपास ४, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, हायड्रोजन २.२०, सोडियम ०.९३. फरक जितका मोठा तितका इलेक्ट्रॉन एका बाजूला कललेला. फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, असं सीईटीच्या नोट्समध्ये असतं. हायड्रोजन फ्लोराईडमध्ये हा फरक १.७८ येतो, तरी तो सुट्या रेणूंचा, सहसंयुज पदार्थ आहे. आयनिक आणि सहसंयुज यांच्यामध्ये कुंपण नाही, उतार आहे.

खडा तापवला की

आता पाणी. प्रयोगशाळेत हे शिक्षकांसमोर करून पाहा. घरच्या भांड्यात करू नका, मोरचूद विषारी आहे. कोरड्या परीक्षानळीत मोरचुदाचा चिमूटभर चुरा घ्या, नळीचं तोंड किंचित खाली कलतं धरा आणि मंद आचेवर तापवा. थोड्याच वेळात नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमतात. निळा रंग कडेकडेने फिकट होत जातो, आणि शेवटी तळाला पिठासारखी पांढरी भुकटी राहते. पाणी टप्प्याटप्प्याने जातं, शेवटचा रेणू जायला २०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. फार जोरात तापवू नका, नाहीतर सल्फेटच फुटून घातक धूर निघतो. नळी पूर्ण थंड होऊ द्या, तळाला बोट लावून खात्री करा, आणि मग ड्रॉपरने एक-दोन थेंब पाणी टाका. भुकटी त्या क्षणी निळी होते आणि नळी हाताला गरम लागते. आच बंद आहे, पाणी गार आहे, तरी गरम. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते हे वर आकड्यांत वाचलंत, ते इथे बोटांना कळतं.

हे पाणी धरलं होतं कशानं? बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांनी या स्फटिकाची रचना उलगडली. पाचपैकी चार रेणू तांब्याच्या आयनाभोवती चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतात. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या मोकळ्या असतात. त्यातली एक तो तांब्याकडे करतो. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूने आले म्हणून याला समन्वय बंध म्हणायचं. एकदा झाला की तो इतर सहसंयुज बंधांसारखाच असतो, इलेक्ट्रॉनवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

पाचवा रेणू तांब्याला लागतच नाही. तो सल्फेटच्या ऑक्सिजनला आणि शेजारच्या पाण्याला हायड्रोजन बंधाने धरलेला असतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हायड्रोजन उघडा पडतो, थोडा धन होतो. हायड्रोजनकडे आतलं कवचच नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन बाजूला सरकला की जवळजवळ नुसता प्रोटॉन समोर येतो. शेजारचा ऑक्सिजन त्याला धरतो. ही पकड २० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या आतल्या बंधाच्या साधारण पाच टक्के. पण तिचा परिणाम बघा. हायड्रोजन सल्फाईड पाण्यापेक्षा जड रेणू, तरी तो उणे ६० अंशांना उकळतो. पाणी १०० अंशांना. हायड्रोजन बंध नसता तर कृष्णेतून पाणी वाहिलंच नसतं, वाफ होऊन गेलं असतं.

खिळा, चुना आणि हळद

एक टक्का बोर्डो करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण इथल्या बागायतदारांना तोंडपाठ असतं. दोन्ही वेगळे भिजवून एकत्र केले की आकाशी रंगाचा चिकट साका तयार होतो. त्यात तांबं असं अडकलेलं असतं की पानावर ते हळूहळू, थोडंथोडं सुटतं. सुटलेला तांब्याचा आयन बुरशीच्या प्रथिनांना समन्वय बंधाने चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. मोकळं तांबं जास्त झालं तर तो हाच उद्योग द्राक्षाच्या पानावर करतो आणि कोवळी पानं करपतात. म्हणून मिश्रण तयार झाल्यावर परीक्षा करायची. हल्ली सामू मोजायचे कागद मिळतात, पण वर्गातली एक मुलगी म्हणाली ते मला फार आवडलं: "आमचे आबा अजून खिळाच बुडवून बघतात. तांबूस झाला की म्हणतात, घाल अजून चुना."

आबा बरोबर करतात. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढला, तर द्रावणात मोकळे तांब्याचे आयन आहेत. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, तांब्याचा आयन ते घेऊन खिळ्यावर बसतो. मोरचूद लोखंडी ड्रममध्ये भिजवायचा नाही, प्लास्टिकच्याच ड्रममध्ये, याचंही कारण हेच. बोर्डो मिश्रणाचा शोध फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांत लागला आणि मिलार्दे यांनी १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला.

खिळ्यावर बसलेलं तांबं आता आयन नाही, धातू आहे. इथे प्रत्येक अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या थरात सामाईक होतात. दोघांत नव्हे, चौघांत नव्हे, असंख्य अणूंत. म्हणून धातूतून वीज वाहते. मिरजेत तानपुऱ्याला चढवतात ती पितळी तार ओढून इतकी बारीक करता येते, तेही यामुळेच. अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी सामाईक इलेक्ट्रॉन दोन्हींना धरून राहतात. मिठाच्या खड्यावर हातोडी मारली तर थर सरकतो, धन आयनासमोर धन आयन येतो आणि खड्याचे तुकडे होतात.

चुन्याचा विषय निघालाच आहे तर हळदीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांगलीच्या बाजारात पोत्यांनी विकल्या जाणाऱ्या हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याच्या रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. सगळे सहसंयुज बंधांनी जोडलेले, आणि त्यात एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी अशी लांब साखळी आहे. त्या साखळीत इलेक्ट्रॉन दूरवर पसरलेले असतात. त्यांच्या ऊर्जापातळ्या जवळजवळ येतात, आणि ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून हळद पिवळी दिसते. आयन नसल्यामुळे आणि रेणूचा बराचसा भाग कार्बनचा असल्यामुळे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण फोडणीच्या तेलात लगेच उतरतं.

हळदीला चुना लावला की कुंकू होतं, आणि पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. चुना आणि साबण दोन्ही आम्लारीधर्मी. ते कर्क्युमिनच्या टोकाच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून काढून घेतात, त्याचा इलेक्ट्रॉन मागे राहतो. तो एका ऑक्सिजनवर न थांबता सगळ्या साखळीत पसरतो. पातळ्या आणखी जवळ येतात, शोषला जाणारा प्रकाश निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो आणि डाग लाल दिसतो. लिंबू पिळलं की प्रोटॉन परत मिळतो, डाग पुन्हा पिवळा होतो. डाग पूर्ण घालवायचा तर सदरा धुऊन कडक उन्हात टाका. प्रकाशाने ती लांब साखळीच तुटते आणि मग रंग शोषायला काही उरत नाही.